टीव्हीचं स्टँड

मराठी मध्यमवर्गीय घरात ‘पोर्टेबल’ हा शब्द टीव्हीवर बसून आला, आणि आला तेव्हा त्याचं वजन आठ-दहा किलो होतं. चौदा इंची, कृष्णधवल, डोक्यावर उचलायला मूठ आणि मुठीमागे पूर्ण ताणली तर पंख्याला लागेल अशी अँटेना. वीस इंचांचा तो ‘मोठा’ टीव्ही, त्याला लाकडी खोकं आणि सरकती दारं. चौदा इंचांचा तो ‘पोर्टेबल’. ही वस्तू दुकानातून घरी येताना रिक्षात कुणाच्या तरी मांडीवर बसून एकदा हलली. मग ती शोकेसच्या मधल्या कप्प्यात गेली, तिच्यावर क्रोशाचा रुमाल आला, रुमालावर प्लास्टिकच्या हंसांची जोडी आली आणि मूठ कायमची झाकली गेली. दुसऱ्यांदा हलली ती दहा-बारा वर्षांनी, एक्स्चेंज ऑफरमध्ये. जन्मात दोनदा हलणारी वस्तू पोर्टेबल म्हणायची, तर पाटा-वरवंटाही पोर्टेबलच. तरी दुकानदार ती मूठ धरून टीव्ही चार बोटं वर उचलून दाखवायचा आणि गिऱ्हाईक समाधानानं मान डोलवायचं. उचलून न्यायचा कुठे, हा प्रश्न दोघांनाही पडायचा नाही. तो प्रश्न गेली पासष्ट वर्षं जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनाही नीटसा पडलेला नाही.

जाता-येता टीव्ही बघता यावा म्हणून आजवर जेवढी यंत्रं निघाली ती सगळी एकाच समजुतीतून निघाली: टीव्ही हलका केला की माणूस तो घेऊन हिंडू लागेल. घडलं उलटं. टीव्ही जसजसा हलका होत गेला तसतसा बघणारा जागच्या जागी रुतत गेला. दिवाणखान्यात टीव्हीचं वजन टेबल पेलायचं, अँटेना गच्चीवरचा पाइप पेलायचा, आवाज भिंती अडवायच्या आणि ऊन पडदे अडवायचे. बघणाऱ्याला काम असं एकच होतं, बसायचं. टीव्ही घराबाहेर पडला तेव्हा टेबल, पाइप, भिंती आणि पडदे घरीच राहिले आणि त्या चौघांची कामं एकट्या माणसाच्या अंगावर आली. म्हणून माझं म्हणणं असं की पोर्टेबल टीव्हीच्या खरेदीत आपल्याला टीव्ही मिळतो आणि टीव्हीला स्टँड मिळतं. ते स्टँड म्हणजे आपण.

सुरुवातीची यंत्रं याबाबतीत निदान सरळ होती. अमेरिकेतल्या फिल्को कंपनीनं १९५९ साली ट्रान्झिस्टरवर चालणारा बॅटरीचा टीव्ही काढला. नाव ‘सफारी’, वजन सात किलोच्या घरात, आणि आतली चित्रनळी दोन इंचांची. ते एवढंसं चित्र आरशाच्या युक्तीनं मोठं करून दाखवलं जायचं. म्हणजे सफारीवर निघालेल्या माणसाच्या मागून खरोखरच सिंह आला, तरी त्यानं आरशासमोरून हलायचं नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीत आपल्याकडचं पहिलं प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. मुंबईला टीव्ही दिसायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडावा लागला. म्हणजे आपण टीव्ही घरात आणायच्या तेरा वर्षं आधी अमेरिकन माणूस तो घराबाहेर काढायच्या खटपटीत होता. १९६० साली सोनीनं आठ इंची टीव्ही काढला. तो साधारण सहा किलोंचा होता आणि सामान्य जपानी माणसाच्या खिशाला झेपणारा नव्हता, मग हाताला झेपो न झेपो. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९७७ साली ओव्हरकोटाच्या खिशात मावेल असा दोन इंची टीव्ही काढला आणि १९८३ साली त्याहून चपटा. या दुसऱ्यासाठी त्यांनी चित्रनळी आडवी घातली, बॅटरीही चपटी आणली, किंमत ऐंशी पौंडांच्या आत ठेवली. खपले जेमतेम पंधरा हजार. दोन वर्षांनी याच गृहस्थांनी बॅटरीवर चालणारी तीन चाकी बुटकी गाडी काढली. टीव्ही हलवून उपयोग नाही, माणूसच हलवला पाहिजे, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ती गाडीही पडली.

या सगळ्या धडपडीच्या मधोमध एक यशस्वी वस्तू उभी होती आणि तिनंच सगळ्यांचा घोळ केला. १९७९ साली सोनीचा वॉकमन आला आणि जगानं कानात गाणी घालून चालायला सुरुवात केली. मग कंपनीनं सरळ हिशेब केला: कानांचं जमलं, आता डोळ्यांचं. १९८२ साली दोन इंची पडद्याचा, हातात मावणारा टीव्ही आला. नाव ‘वॉचमन’. हिशेबात चूक एवढीच, की चालताना कान रिकामे असतात आणि डोळे कामावर असतात. लता मंगेशकरांचं गाणं ऐकत लक्ष्मी रोड ओलांडता येतो. तेच गाणं बघत ओलांडायला गेलं तर पलीकडे पोहोचेपर्यंत रिक्षावाल्याचं सगळं कडवं ऐकून होतं. कान हा अवयव भाड्यानं देता येतो, डोळा देता येत नाही. दोन्ही यंत्रांची नावं तर आधीच सगळं सांगून बसली होती. एकाच्या नावात चालणं आहे आणि दुसऱ्याच्या नावात राखण. वॉचमननं एका जागी बसून राहायचं असतं, हे सोनीला ठाऊक नसलं तरी आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीनं सांगितलं असतं. या वॉचमनकडे आपल्याला शेवटी परत यायचं आहे. तूर्त त्याला फाटकावर बसू द्या.

त्याच सुमाराला सेइको या घड्याळाच्या कंपनीनं तर टीव्ही मनगटावर चढवला. सव्वा इंचाच्या आसपासचा पडदा घड्याळात, पण चित्र पकडणारी पेटी वेगळी, ती खिशात. पेटीपासून घड्याळापर्यंत वायर, पेटीपासून कानापर्यंत दुसरी वायर, आणि कानातली ती वायर हीच अँटेना. शिवाय पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. नळीचे टीव्ही उन्हात दिसत नसत, हा उन्हाशिवाय दिसत नसे. म्हणजे बघणाऱ्यानं हात छातीशी आडवा धरायचा, उजेडाकडे पाठ करायची की तोंड हे ठरवायचं, कोपर हलवायचं नाही आणि अँटेना कानात असल्यामुळे मानही जपून वळवायची. शवासन वगळता इतकं स्थिर आसन योगशास्त्रातही फारसं नाही. हे घड्याळ १९८३च्या ‘ऑक्टोपसी’ या बाँडपटात दिसलं, तेही आपल्या उदयपूरला घडणाऱ्या प्रसंगात. सिनेमात वायर कुठे दडवायची हा दिग्दर्शकाचा प्रश्न. दुकानातून पैसे मोजून आणणाऱ्याला ती बाहीतूनच न्यावी लागे. एक गोष्ट मात्र इथे नोंदवायला हवी. आपल्याकडे अँटेना फिरवायला एक माणूस गच्चीवर आणि ‘आलं... गेलं... होतं तिथेच ठेव’ असं ओरडायला एक खिडकीत लागायचा. पडद्यावर मुंग्या आल्या तर दोष गच्चीवरच्याचा. सेइकोनं गच्चीवरचा आणि खिडकीतला हे दोघे एकाच माणसात आणले. ओरडायचंही त्यानंच, ऐकायचंही त्यानंच.

इथे कुणी म्हणेल, श्रीमंत देशांतल्या खेळण्यांवरून निष्कर्ष काढू नका. आपल्याकडे पोर्टेबल टीव्हीनं खरं काम केलं. केलं, यात शंका नाही. चौदा इंची कृष्णधवल संचांपैकी बरेच बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालायचे. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा वीज नसलेल्या किंवा असून नसलेल्या गावांत ट्रॅक्टरची बॅटरी टीव्हीला जोडली जायची आणि पारावर अख्खं गाव जमायचं. पण या चित्राकडे नीट पाहा. टीव्ही पोर्टेबल आहे, गाव बसलेलं आहे. एवढंच कशाला, गावातली खरी चालणारी वस्तू म्हणजे ट्रॅक्टर, तीही टीव्हीपायी उभी आहे. पुढे २००७-०८च्या सुमाराला बाजारात ‘चायना मोबाइल’ आले. दोन सिम, चार कर्णे, आणि कोपऱ्यातून बाहेर निघणारी छत्रीच्या काडीसारखी अँटेना, जिच्यावर दूरदर्शन फुकट दिसायचं. दिसायचं म्हणजे खिडकीशी, तिरकं उभं राहून, हात वर करून दिसायचं. दुरून पाहणाऱ्याला वाटावं की गृहस्थ सूर्याला अर्घ्य देतायत. त्या फोनांच्या अँटेना फार दिवस टिकल्या नाहीत. बहुतेकांच्या पहिल्या महिन्यात वाकल्या, दुसऱ्यात तुटल्या, आणि टीव्ही बंद झाल्यावर मालक पुन्हा हिंडू-फिरू लागले.

मोठ्या कंपन्यांनी याच काळात हा उद्योग शास्त्रशुद्ध करायचं ठरवलं. मोबाइलसाठी वेगळ्या लहरी, वेगळे मनोरे, वेगळे परवाने. जर्मनीत एका मंडळीला असा परवाना मिळाला. ज्या मोबाइल कंपन्यांना तो मिळाला नाही त्यांनी २००८च्या युरो फुटबॉलच्या तोंडावर, घरच्या टीव्हीचं फुकट प्रक्षेपणच पकडणारे फोन विकायला काढले. परवानाधारकांनी त्याच वर्षी परवाना परत केला. लग्नाच्या हॉलचं भाडं भरून बसावं आणि वऱ्हाड शेजारच्या मंदिरात फुकट उरकून जावं, तसं झालं. अमेरिकेत क्वालकॉमनं ‘फ्लो टीव्ही’ नावानं सेवा चालवली, २००९च्या अखेरीस अडीचशे डॉलरांचं खास हातातलं यंत्र काढलं, वर दरमहा वर्गणी. २०१०च्या सुपर बोल सामन्यात तिची जाहिरात झाली: बायकोबरोबर खरेदीला फरफटत गेलेल्या नवऱ्यानं सामना चुकवू नये, म्हणून हे यंत्र घ्यावं. कल्पना चुकीची नव्हती, कारण खरेदीतला नवरा हा जगात कुठेही दुकानाच्या दारात उभाच असतो. पण त्याला तेवढ्यासाठी दरमहा पैसे मोजायचे नव्हते. मार्च २०११मध्ये सेवा बंद झाली आणि त्या लहरींचे हक्क दुसऱ्या कंपनीनं एकशे नव्वद कोटी डॉलरांच्या वर रक्कम मोजून घेतले. मुंबईकराला हे वेगळं समजवायला नको. गिरणी बंद पडते आणि जमिनीला भाव येतो.

माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम पुरावा मात्र जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं दिला आहे. जपाननं १ एप्रिल २००६ला ‘वनसेग’ नावाची सेवा सुरू केली. प्रत्येक वाहिनीच्या लहरींचे तेरा भाग पाडलेले. त्यातला एक भाग मोबाइलसाठी, म्हणून नाव वनसेग. सेवा फुकट, चित्र बरं, आणि जवळजवळ प्रत्येक जपानी फोनात ती बसवलेली. आयफोनात ती नव्हती, तर त्यासाठी २००८ साली एक स्वतंत्र डबी आली, जी टीव्हीही दाखवायची आणि फोनची बॅटरीही भरायची. हा उपकार नव्हता, भरपाई होती, कारण बॅटरी टीव्हीच खायचा. आता जपानात सरकारी नव्हे पण सार्वजनिक अशी एनएचके नावाची प्रसारण संस्था आहे आणि कायदा म्हणतो की तिचं प्रक्षेपण दिसेल असा संच ज्यानं ‘बसवला’ आहे त्यानं तिला शुल्क द्यावं. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत पोस्टात जाऊन परवाना नवा करावा लागेच, तसंच हे. सैतामा प्रांतातल्या एका नगरसेवकाच्या घरी टीव्ही नव्हता. होता तो वनसेगचा फोन. तो म्हणाला, मी संच बसवलेला नाही, मी तो बाळगतो. बसवणं वेगळं, बाळगणं वेगळं. सैतामाच्या जिल्हा न्यायालयानं २०१६ साली हे मान्य केलं. वरच्या न्यायालयानं ते फिरवलं आणि मार्च २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एनएचकेच्या बाजूनं शिक्कामोर्तब केलं. खिशात बाळगलेला टीव्ही हा कायद्यानं बसवलेला टीव्ही ठरला. आता संच बसवायचा म्हटलं की तो कशात तरी बसवावा लागतो: भिंतीत, कपाटात, कोनाड्यात. इथे तो बसवला होता नगरसेवकात. माणूस हे फर्निचर आहे असा निवाडा एखाद्या देशाचं सर्वोच्च न्यायालयच देत असेल, तर एका विनोदी लेखकानं आणखी काय सिद्ध करावं?

यावर आजचा तरुण वाचक म्हणेल, हा सगळा अँटेनायुगाचा इतिहास झाला. आता स्वस्त डेटा आहे, फोन आहे, आणि १९ नोव्हेंबर २०२३ला विश्वचषकाचा अंतिम सामना एका वेळी ५ कोटी ९० लाख लोकांनी एका अॅपवर पाहिला. याला फिरता टीव्ही म्हणायचं नाही तर कशाला? आकडा खरा आहे. पण १९ नोव्हेंबर २०२३ हा रविवार होता. दुपारी दोनला सामना सुरू झाला. रविवारी दुपारी दोन वाजता मराठी माणूस कुठे फिरत असतो? तो जेवून आडवा असतो. शिवाय त्या स्पर्धेत अॅपवर सामना फुकट होता तो फक्त मोबाइलधारकांना. त्याच अॅपवर तो मोठ्या टीव्हीवर बघायचा तर पैसे पडत होते. म्हणजे भिंतीवर त्रेचाळीस इंची पडदा काळाठिक्कर लटकलेला आणि त्याच्यासमोर सोफ्यावर चौघे जण चार फोन पोटावर उभे करून तोच सामना बघतायत, असं दृश्य अनेक घरांत असणार. याला गतिमानता म्हणत नाहीत, काटकसर म्हणतात. कुणी २०१९चा दाखला देईल: मँचेस्टरची उपांत्य लढत पावसानं बुधवारवर गेली, भर कामाच्या दिवशी, आणि तरी एका वेळी अडीच कोटींहून अधिक लोक अॅपवर होते. बरोबर. ते लोक कचेरीत होते. फोन कीबोर्डच्या आड, नजर खाली, चेहऱ्यावर तिमाही अहवालाचं गांभीर्य. धोनी धावबाद झाला तेव्हा देशभरातल्या कचेऱ्यांत एकाच वेळी जो सुस्कारा निघाला असेल, तो बसलेल्या माणसांचा होता.

आणि या सगळ्याला ‘थेट’ म्हणायचं, हा तर दुसराच विनोद. इंटरनेटवरून येणारं चित्र काही सेकंदांचे तुकडे पाडून पाठवलं जातं, आणि फोन ते तुकडे थोडे साठवून मग दाखवतो, म्हणजे मध्येच अडखळायला नको. परिणामी हातातला सामना मैदानातल्या सामन्याच्या कधी वीस सेकंद, कधी अर्धा मिनिट मागे चालतो. केबल किंवा डिशवाल्या शेजाऱ्याचा जल्लोष भिंतीतून आधी येतो, फटाका आधी फुटतो, आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून बाही सावरत असतो. निकाल माहीत असलेली उत्कंठा पुढे अर्धा मिनिट ताणून धरावी लागते. कीर्तनात ती जमते, कारण तिथे कथा माहीत असूनच माणूस बसतो. शेवटच्या षटकात जमत नाही. चाळीस वर्षांपूर्वी कानाला ट्रान्झिस्टर लावून बाळ ज. पंडितांचं समालोचन ऐकणारा माणूस चित्रावाचून होता, पण त्याला आधी कळायचं. भर रस्त्यात लोक त्याला थांबवून स्कोअर विचारत. आजचा पंधरा हजारांचा फोन हातात असलेला माणूस शेवटचा असतो ज्याला विकेट कळते. प्रवासात टीव्ही बघायची जी मूळ ओढ, ती चित्राची कधीच नव्हती. जगाला जे कळलंय ते आपल्यालाही लगेच कळावं, एवढीच होती. ती ट्रान्झिस्टर दोन पेन्सिल सेलवर भागवत होता, आणि चालता चालता भागवत होता.

खऱ्या चालत्या जागेत, म्हणजे गाडीत, काय होतं तेही पाहू. लोकलमध्ये चौथी सीट मिळालेला माणूस अर्धा हवेत असतो. त्याचा एक हात तोल सांभाळायला लागतो, दुसऱ्यात फोन. त्याच्या खांद्यावरून तिघे बघतात, समोर उभा असलेला उलटं चित्र बघतो आणि दारातला फक्त ‘किती झाले’ एवढंच विचारतो. फोनचा मालक आता प्रेक्षक राहिलेला नसतो. त्यानं फोन थोडा तिरका धरावा, उजेड वाढवावा, आलेला फोन उचलू नये आणि दादरला उतरू नये, अशी पाच जणांची अपेक्षा असते. चाळीत ज्याच्याकडे पहिला टीव्ही आला त्याच्या बायकोची जी अवस्था व्हायची तीच ही, फक्त तिला चहा करायला स्वयंपाकघरात तरी जाता यायचं. बसमध्ये भिंती नसल्यामुळे आवाज सगळ्यांच्या वाट्याला येतो, म्हणून २०२३ साली बेस्टनं हेडफोनशिवाय मोबाइल वाजवायला मनाई केली. यामुळे दिवाणखान्यातून निघालेलं एक काम आणखी माणसाकडे आलं. पूर्वी भिंती आवाज अडवायच्या. आता आपण स्वतःच्या कानात बुचं घालून भिंत व्हायचं.

एक आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येणार नाही. संकटात इंटरनेट पडतं, मोबाइलचे मनोरे गुदमरतात, आणि तेव्हा हवेतून थेट येणारं प्रक्षेपण उपयोगी पडतं. जपानात ११ मार्च २०११च्या भूकंप-त्सुनामीच्या वेळी फोन लागत नव्हते, पण वनसेगवर बातम्या दिसत होत्या. २६ जुलै २००५ला मुंबईत पाण्यात अडकलेल्यांना फोनचं रेंज नव्हतं आणि उपनगरांत वीज नव्हती. त्या रात्री खिशात बातम्या दिसल्या असत्या तर अनेकांचा जीव भांड्यात पडला असता. म्हणूनच आयआयटी कानपूर आणि बंगळुरूची सांख्य लॅब्स इंटरनेटवाचून थेट मोबाइलवर प्रक्षेपण पोहोचवायच्या कामाला लागल्या, आणि ते काम पुरं व्हावं असंच कुणालाही वाटेल. आपल्या दूरदर्शननंही फेब्रुवारी २०१६मध्ये मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद धरून सोळा शहरांत फुकट मोबाइल टीव्ही सुरू केला होता. फोनला एक डाँगल तेवढी लावायची. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओचा फुकट डेटा आला आणि डाँगल काय असते हे कळायच्या आत लोकांना तिची गरज उरली नाही. दूरदर्शनचं हे नेहमीचंच आहे. मुहूर्त शोधून काढतात आणि मग वरात दुसऱ्याचीच निघते. तर संकटकाळी हे यंत्र हवं, हे मान्य. पण संकटातला माणूस तरी कुठे चाललेला असतो? तो कमरेइतक्या पाण्यात, शाळेच्या वर्गात, बंद पडलेल्या लोकलमध्ये अडकलेला असतो. त्याला टीव्ही हवा असतो तो हलता येत नाही म्हणूनच.

इथे आपण फाटकावर बसवून ठेवलेल्या वॉचमनकडे परत येतो. हातातला टीव्ही कुणाला उपयोगी, याची अट आता स्पष्ट आहे: ज्याला घर दूर आहे, ज्याला जागेवरून हलायची परवानगी नाही, आणि ज्याची रात्र मोठी आहे. सोनीनं १९८२ साली यंत्राला त्याचं नाव दिलं आणि अठराएक वर्षं ते प्रवासी, व्यापारी आणि हौशी लोकांना विकत बसली. खरा गिऱ्हाईक केबिनमध्ये होता. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीच्या फाटकावर रात्री अकरानंतर बघा. प्लास्टिकची खुर्ची, टेबलावर आल्या-गेल्याची नोंदवही, वहीला टेकवून उभा केलेला फोन, मागून पडू नये म्हणून जेवणाचा डबा. गाव बिहारात किंवा मराठवाड्यात, सामना वेस्ट इंडिजमध्ये, आणि मधला फोन डब्याला टेकलेला. पासष्ट वर्षांच्या या इतिहासात स्टँड न होता टीव्ही बघणारा हा पहिला माणूस; त्यानं डब्याला स्टँड केलं आहे. दोन्ही हात मोकळे, कान हॉर्नकडे, आणि अर्धा मिनिट उशिरा का होईना, विकेट पडली की गेटजवळ थांबलेल्या रिक्षावाल्याला तोच सांगतो. कमिटीचे सदस्य म्हणतील की त्यानं फोनकडे नव्हे, फाटकाकडे बघायचं असतं. पण फाटकाकडे बघण्यासाठी कमिटीनं त्याच्यासमोर सीसीटीव्ही लावून ठेवला आहेच. तेही थेट प्रक्षेपण आहे, तेही जाहिरातींवाचून आणि सेकंदाचाही उशीर नसलेलं. फक्त त्यात रात्रभर एकच कलाकार असतो आणि तो म्हणजे बी विंगचं मांजर. इतक्या पडद्यांतून चोर सुटणार नाही, आणि सुटलाच तर तो दोन्हीकडे रेकॉर्ड न होता सुटेल, त्याला वॉचमन तरी काय करणार?

या केबिनमध्ये बहुधा प्लग एकच असतो आणि त्यात सीसीटीव्हीची पिन असते. फोन रात्री दोनपर्यंत संपतो. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय निघायच्या आत दुसऱ्या प्लगचा ठराव मांडून घ्या. पार्किंग निघालं की मग काही मंजूर होत नाही.